परदेशी राहायला जाताय? हॅमचं (हौशी रेडिओचं) लायसन्स आधी तपासा

दोन देशांत लायसन्सच्या परस्पर मान्यतेचा करार आहे म्हणून रेडिओ सेट बॅगेत टाकून निघू नका. करार पाहुण्यासाठी आहे की रहिवाशासाठी, हे आधी बघा. सगळी गल्लत इथेच होते. युरोपातली सेप्टची (तिथल्या देशांच्या टपाल-दूरसंचार खात्यांच्या संघटनेची) टी/आर ६१-०१ ही शिफारस तात्पुरत्या मुक्कामासाठी आहे, फार तर तीन महिने. तेवढ्यापुरतं जर्मनीत ‘डीएल’ (त्या देशाची खूण), मग ‘स्ट्रोक’ (तिरपी रेघ), मग आपला कॉलसाइन (लायसन्ससोबत मिळालेलं ओळखचिन्ह) असं बोलून काम भागतं. तिथे घरच केलंत तर स्थानिक लायसन्स हवं. त्यासाठी हॅरेक प्रमाणपत्र (हॅमची परीक्षा पास झाल्याचा सेप्टच्या टी/आर ६१-०२ शिफारशीनुसारचा दाखला) निघण्यापूर्वीच मायदेशातून घेऊन ठेवा. ते असेल तर परीक्षा सहसा पुन्हा द्यावी लागत नाही.

दुसरी मेख नागरिकत्वाची. लायसन्स एका देशाचं आणि पासपोर्ट दुसऱ्याचा असेल तर काही करार लागूच होत नाहीत. अमेरिकी नागरिकाला परदेशी लायसन्सवर अमेरिकेत बोलता येत नाही. उलट परदेशी माणूस तिथली परीक्षा सरळ देऊ शकतो. तिथला टपालाचा पत्ता मात्र लागतो. मुक्काम मोठा असेल तर मला हाच रस्ता बरा वाटतो.

आणि हो, बँड (वापरायचे लहरींचे पट्टे) व पॉवरची मर्यादा यजमान देशाचीच पाळायची.