रिसेप्टर फक्त पेशीच्या दारात नसतो, हार्टच्या गोळ्यांच्या या चुका टाळा

दिवाळीनंतर कापूस वेचणी जोरात होती तेव्हाची गोष्ट. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात माझं मेडिकल आहे, तिथं ओळखीचे एक काकाजी आले, काउंटर धरून उभे, कपाळावर घाम. "छाती लय धडधडून रायली बाप्पा, काही गोयी दे." मी विचारलं हार्टची गोळी चालू आहे ना, तर त्यांनी खिशातून मेटोप्रोलॉलची पट्टी काढली, दहापैकी सहा गोळ्या जशाच्या तशा. "बरं वाटे म्हणून सोडली, आठ रोज झाले. कायले रोज रोज खा?" नाडी मोजली तर मिनिटाला 118. मी गोळी दिली नाही, त्यांच्या पोराला बोलावलं आणि तसंच सरकारी दवाखान्यात ईसीजीला पाठवलं. वेळेवर गेले म्हणून निभावलं.

तर पहिली आणि सगळ्यात मोठी चूक हीच, बरं वाटतंय म्हणून गोळी एका दिवसात बंद करणं. हृदयाच्या पेशीवर बीटा-1 नावाचा रिसेप्टर, म्हणजे निरोप पकडणारा प्रोटीन, असतो. अंगातली ताणाची हार्मोन्स अ‍ॅड्रेनालिन आणि नॉरअ‍ॅड्रेनालिन त्याला चिकटले की ठोके वाढतात, जोर वाढतो. मेटोप्रोलॉलसारखी गोळी, म्हणजे बीटा ब्लॉकर, त्या जागेवर जाऊन बसते. पण महिनोन् महिने जागा अडवली की पेशी गप्प बसत नाही, सिग्नल कमी मिळतोय म्हणून ती रिसेप्टरची संख्या वाढवते. मग तुम्ही गोळी अचानक सोडली की तेच रोजचं अ‍ॅड्रेनालिन जास्तीच्या रिसेप्टरवर पडतं आणि हृदय पिसाटासारखं पळतं, ज्यांच्या हृदयाच्या नसा आधीच बारीक झाल्यात त्यांना अ‍ॅटॅक सुद्धा येऊ शकतो. बंद करायचीच असेल तर डॉक्टर साधारण 1 ते 2 आठवड्यांत डोस उतरवत आणतात. उन्हाळ्यात 45 डिग्रीत चक्कर येते म्हणून बरेच जण स्वतःच सोडतात, तसं करू नका, पाणी प्या, बीपी मोजून घ्या आणि डॉक्टरला सांगा.

दुसरी चूक डोक्यातल्या चित्राची. माझ्याकडे ट्रेनिंगला डी. फार्मची पोरं येतात, त्यांना रिसेप्टर काढायला सांगितला की सगळे पेशीच्या बाहेरच्या भिंतीवरच काढतात, आम्हीही तसंच शिकलो होतो. पण तोच बीटा-1 पेशीच्या आत पण असतो. 2017 साली पेशींवरच्या प्रयोगात तो गॉल्जीवर, म्हणजे पेशीतल्या प्रोटीन पॅक करणाऱ्या भागावर, बसून काम करताना दिसला, 2019 साली नवजात उंदरांच्या हृदयपेशींत दिसलं की गॉल्जीवरच्या या रिसेप्टरच्या सिग्नलने पेशी जाड व्हायला लागते. 2021 साली कॅल्शियम साठवणाऱ्या जाळीवर, म्हणजे सार्कोप्लाझ्मिक रेटिक्युलमवर, तोच रिसेप्टर सापडला, तिथून तो कॅल्शियम परत भरायचा वेग वाढवतो आणि ठोका जोरदार होतो. आता नॉरअ‍ॅड्रेनालिन तर पेशीच्या पडद्यातून आपोआप आत शिरत नाही, मग आत पोचतं कसं? ओसीटी-3 नावाचा वाहक प्रोटीन त्याला उचलून आत नेतो. मला ही गोष्ट वाचली तेव्हा रात्री झोप नव्हती आली, इतकी वर्षं औषध विकून आपण पेशी अर्धीच पाहिली होती.

याच्यातून लगेच उलटी चूक पण होते. त्या प्रयोगांत मेटोप्रोलॉल पडद्यातून आत जाऊन गॉल्जीवरचा रिसेप्टर अडवतो, सोटालॉल मात्र बाहेरच राहतो. हे वाचून कोणी म्हणेल मग सोटालॉलवाल्याने गोळी बदलावी. नाही! सोटालॉल ठोक्याची लय बिघडली असताना देतात, त्याचं कामच वेगळं, आणि उंदराच्या पेशीत दिसलं ते पेशंटला लागू झालंच असं नसतं. नावाच्या शेवटी लॉल आहे म्हणून सगळ्या गोळ्या सारख्या नाहीत. हार्ट फेल्युअरमध्ये आयुष्य वाढवतात हे बिसोप्रोलॉल, कार्वेडिलॉल आणि मेटोप्रोलॉल सक्सिनेट यांच्यावर सिद्ध झालंय. म्हणून पट्टीवर सक्सिनेट लिहिलंय की टार्ट्रेट (एकाच औषधाचे दोन वेगळे क्षार) ते वाचा, दुकानदाराने "एकच आहे" म्हटलं तरी डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नका. सक्सिनेटची हळूहळू विरघळणारी गोळी खलबत्त्यात कुटायची नाही, पाण्यात विरघळवायची नाही, नाहीतर दिवसभराचा डोस एकदम अंगात जातो. मधे रेघ असेल आणि डॉक्टरने सांगितलं असेल तर अर्धी तोडता येते, तेवढंच.

पोरांची अजून एक चूक, त्यांना वाटतं सायक्लिक एएमपी (रिसेप्टरचा निरोप पेशीत पुढे नेणारा रेणू) तयार झालं की पुरासारखं सगळ्या पेशीत पसरतं. ओलीत करणाऱ्याला हे समजावणं सोपं आहे. दांड एका वाफ्यात फोडला तर पाणी त्याच वाफ्यात मुरतं, शेजारची पऱ्हाटी कोरडीच राहते. पेशीत फॉस्फोडायएस्टरेज नावाची एन्झाइम जागोजागी बसून ते सायक्लिक एएमपी तोडत असतात, म्हणून बाहेरच्या पडद्याचा सिग्नल वेगळं काम करतो आणि गॉल्जीचा वेगळं, रिसेप्टर तोच असला तरी.

रायनोडिन रिसेप्टरचं नाव ऐकून तर सगळेच फसतात. तो दारात बसून बाहेरचा निरोप पकडणारा नाही, कॅल्शियमच्या जाळीवरचा दरवाजा आहे. पडद्यातून थोडं कॅल्शियम आत आलं की हा उघडतो, मग आतलं साठवलेलं कॅल्शियम सुटतं आणि हृदय आकुंचन पावतं. तुम्ही तुरीवर, हरभऱ्यावर अळीसाठी कोराजन मारता ना, त्यातलं क्लोरँट्रानिलिप्रोल अळीच्या स्नायूतला हाच दरवाजा उघडा ठेवतं, कॅल्शियम गळून जातं, अळीचं खाणं बंद होतं आणि ती लुळी पडते. माणसाच्या रिसेप्टरपेक्षा अळीच्या रिसेप्टरवर त्याचा असर शेकडो पटीने जास्त, पण म्हणून मास्क आणि हातमोज्यांशिवाय फवारणी करायची असं नाही.

थायरॉइडच्या मावशींची चूक घाईची. थायरॉइड हार्मोनचा रिसेप्टर थेट पेशीच्या केंद्रकात बसतो, जीन चालू-बंद करून कॅल्शियम पंप बनवायचा हुकूम देतो, याला वेळ लागतो. गोळीतल्या टी-4 ची, म्हणजे थायरॉइड हार्मोनची, अर्धी मात्रा अंगातून जायलाच साधारण 7 दिवस लागतात. म्हणून डोस बदलल्यावर आठ दिवसांत टेस्ट करून काही कळत नाही, 6 ते 8 आठवडे थांबा. फरक पडला नाही म्हणून मनानेच दोन गोळ्या घेतल्या तर धडधड सुरू होते, ठोक्याची लयसुद्धा बिघडू शकते. आणि सकाळी उपाशीपोटी पाण्यासोबत घ्या, चहा अर्धा ते एक तास नंतर.

एखाद्या दिवशी हार्टची गोळी विसरलीच तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. तीन-चार रोज सुटली असेल तर स्वतःच आधीच्या डोसवर चढायचं नाही, आधी डॉक्टरला फोन करा. आणि छातीत दुखतंय, घाम फुटलाय, दम लागतोय असं असेल तर मेडिकलवर येऊन वेळ घालवू नका, सरळ 108 लावा.