पोलॅरिटॉन कंडेन्सेटची फेज मोजायला शिकताना

पोलॅरिटॉन म्हणजे अर्धवाहकातील प्रकाश आणि एक्सायटॉन (इलेक्ट्रॉन व होल यांची बांधलेली जोडी) यांच्या मिश्रणातून बनणारा कण; असे असंख्य कण एकाच क्वांटम अवस्थेत येऊन एका लहरीसारखे वागू लागले, की त्याला कंडेन्सेट म्हणतात. या क्षेत्रात नव्याने येणारे विद्यार्थी बहुधा आधी समीकरणांकडे वळतात. माझा सल्ला मात्र असा, की सुरुवात व्यतिकरणपट्ट्यांपासून (दोन लहरी एकमेकींवर पडून उमटणाऱ्या उजळ-गडद पट्ट्यांपासून) करावी, कारण फेज, म्हणजे लहर आपल्या चक्रात कुठे आहे ते, थेट दिसत नाही आणि तिच्याविषयी जे कळते ते बहुतेक या पट्ट्यांतूनच कळते. 2006 साली कॅडमियम टेल्युराइडच्या मायक्रोकॅव्हिटीत (आरशांमधल्या सूक्ष्म पोकळीत) असे कंडेन्सेट मिळाल्याचे जाहीर झाले, तेव्हाही दूरच्या बिंदूंमधील सुसंगती (फेजचा ठरावीक संबंध) हा एक प्रमुख पुरावा होता.

मायकेलसन इंटरफेरोमीटर कंडेन्सेटमधून येणारा प्रकाश दोन भुजांत विभागून पुन्हा एकत्र आणतो. त्याच्या एका भुजेत साधा आरसा आणि दुसरीत रेट्रोरिफ्लेक्टर (प्रकाश आला त्याच दिशेने परतवणारा परावर्तक) बसवला, की एक प्रतिमा केंद्राभोवती उलटते व प्रत्येक बिंदूचा प्रकाश विरुद्ध बाजूच्या बिंदूच्या प्रकाशावर येऊन पडतो. पट्टे मध्यभागी ठळक असतात आणि कडेकडे पुसट होत जातात. ते नेमक्या कोणत्या नियमाने पुसट होतात, हाच या विषयाचा गाभा आहे.

पोलॅरिटॉन काही पिकोसेकंदांपासून शेकडो पिकोसेकंदांपर्यंतच टिकतात, त्यामुळे कंडेन्सेट जिवंत ठेवायला पंपिंग (लेसरने ऊर्जा पुरवणे) चालूच ठेवावे लागते आणि समतोलातील द्रवांचे नियम इथे डोळे झाकून लावता येत नाहीत. 2022 साली एकमितीय पोलॅरिटॉन कंडेन्सेटमध्ये, वाढत जाताना खडबडीत होणाऱ्या पृष्ठभागांना लागू पडणारे कार्दार-पारिसी-झांग यांचे स्केलिंग (घातांकाचा नियम) आढळले: सुसंगतीचा ऱ्हास दर्शवणारा लॉगॅरिदम काळाच्या 2/3 घाताने वाढतो. या एका निकालाची मांडणी स्वतः करून पाहण्यात घालवलेला वेळ मला सर्वांत मोलाचा वाटतो.

मोजमापात मोठा धोका बाहेरच्या गोंगाटाचा असतो. पंप लेसरची तीव्रता हलली, की एक्सायटॉनच्या साठ्याची घनता हलते, तिच्यासोबत कंडेन्सेटची ऊर्जा सरकते आणि फेज भरकटते. टेबलाचे कंपनही पट्टे असेच पुसट करते. म्हणून आधी त्याच मार्गाने एक स्थिर लेसर सोडून त्याच्या पट्ट्यांची स्पष्टता नोंदवावी आणि कंडेन्सेटची नोंद तिच्याशी ताडून पाहावी.

तीव्रतेची नोंदही सोबत ठेवावी; का, ते एका वेगळ्या कंडेन्सेटवरून कळते. रंगद्रव्यातील फोटॉनांचे, म्हणजे प्रकाशकणांचे, कंडेन्सेट 2010 साली जर्मनीतील बॉनमध्ये सामान्य तापमानाला मिळाले. तिथे रंगद्रव्याचे रेणू साठ्याचे काम करतात, फोटॉनांची संख्या सरासरीइतकीच खालीवर होऊ शकते आणि ती शून्याजवळ आली की फेज एकदम उडी घेते. केवळ पट्टे पाहणाऱ्याला ही उडी आणि फेजचे संथ भरकटणे यांतला फरक सहसा कळत नाही.