मेटॅलिक फेंडर घरी रंगवायचा आहे? डबा उघडण्याआधी हे बघा

साध्या पांढऱ्या रंगात हात थोडा कमी-जास्त चालला तर खपून जातं. चंदेरीला तसं नाही. मेटॅलिक बेसकोटमध्ये, म्हणजे मूळ रंगाच्या थरात, ॲल्युमिनियमच्या अतिबारीक चकत्या असतात आणि त्या पत्र्यावर कशा बसल्या यावर शेड ठरते. हात ओला पडला तर गडद, कोरडा उडाला तर उजळ. एकाच डब्यातून दोन शेड निघू शकतात. त्यामुळे रंगाची स्प्रे गन हातात घेतल्यावर काही शोधायला थांबावं लागू नये, एवढ्यासाठी ही सगळी यादी. ती एका फेंडरपुरतीच, म्हणजे पुढच्या चाकावरच्या पत्र्यापुरतीच आहे. अख्खी गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये रंगवायचा विचार असेल तर तो सोडून द्या.

आधी दिवस ठरवा. पावसाळा बाद. दमट हवेत रंगावर पांढुरकी झाक येते. हिवाळ्यात पहाटे पत्र्यावर दव असतं, म्हणून ऊन चढल्यावर सुरुवात करायची आणि संध्याकाळच्या गारव्याआधी क्लिअर (रंगावरचा पारदर्शक थर) मारून मोकळं व्हायचं. काम मात्र सावलीत. तापलेल्या पत्र्यावर रंग पसरायच्या आतच सुकतो.

रंगाचा कोड गाडीवरच्या पट्टीवर असतो, बहुतेक बोनेटखाली किंवा दाराच्या चौकटीत. दुकानदाराला फक्त 'सिल्व्हर' सांगू नका, कोड द्या आणि लागेल तेवढा रंग एकदमच बनवून घ्या. दुसऱ्यांदा बनवलेला डबा जुळेलच असं नाही. कोड बरोबर असला तरी उन्हात विटलेल्या गाडीशी तो तंतोतंत जुळत नाही, म्हणून एका पुठ्ठ्यावर रंग आणि वर क्लिअर मारून तो दारापाशी धरा. उन्हात बघा, सावलीत बघा, मग बाजूला सरकून तिरकं बघा. मेटॅलिकचा फरक तिरक्या नजरेतच पकडला जातो.

पत्र्याची घासाई हा सगळ्यात कंटाळवाणा भाग. त्यात घाई केली तर ती क्लिअरखाली कायमची दिसत राहते. लांबी (खड्डे भरायची पुटी) आणि प्रायमर झाल्यावर ४०० नंबरचा पेपर, मग ६००, आणि चंदेरीसाठी शेवटी ८०० चा पाण्याचा पेपर. जाड पेपरचे ओरखडे मेटॅलिक लपवत नाही, उलट उठवून दाखवतं. कडांना आणि खाचांत पेपर पोचत नाही, तिथे करडं स्कॉचब्राइट, म्हणजे घासायचं जाळीदार पॅड. नंतर ग्रीस काढायचं द्रावण एका फडक्याने लावायचं आणि सुकण्याआधी दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपायचं. डॅशबोर्ड चमकवायचा सिलिकॉनचा स्प्रे त्या जागेत महिनाभर आणूच नका. त्याचा कण जिथे पडेल तिथे रंग फाटून खळगी पडते. गन उचलण्याच्या क्षणी टॅक क्लॉथ, म्हणजे धूळ टिपणारं चिकट फडकं, हलक्या हाताने.

फेंडर काढून रंगवणार असाल तर तो गाडीवर असतो तसा उभा टांगा. आडवा ठेवून रंगवला तर चकत्या वेगळ्या बसतात आणि गाडीवर चढवल्यावर शेड खटकते.

गनला १.३ मिलिमीटरचं नोझल पुरतं. घरगुती २५ लिटरच्या कंप्रेसरवर एक फेंडर थांबत थांबत निघतो, बोनेटला हवा पुरत नाही. टाकीतलं पाणी आधी सोडा आणि लाइनमध्ये पाणी पकडणारा फिल्टर लावा. रंग तळापासून ढवळा, कागदी गाळणीतून गाळा, भरल्यावरही गन अधूनमधून हलवा. ॲल्युमिनियम तळाला बसायला वेळ लागत नाही.

आता मास्क. टूके क्लिअर म्हणजे हार्डनर मिसळून कडक होणारं क्लिअर, आणि त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचं रसायन असतं. ते फुप्फुसांना धरतं आणि त्याने दमा जडू शकतो. वास येत नाही म्हणजे धोका नाही, असं समजू नका. कापडी किंवा धुळीचा मास्क इथे शून्य कामाचा. वर्कशॉपमध्ये बाहेरून ताजी हवा पुरवणारा मास्क वापरतात. तो मिळत नसेल तर माझं सरळ मत असं की बेसकोट घरी मारा आणि क्लिअर मात्र रंगकामाची बंदिस्त खोली (बूथ) असलेल्या गॅरेजमध्ये मारून घ्या. पण बेसकोटवर क्लिअर किती तासांत बसायला हवं, हे डब्यावर बघून गॅरेजची वेळ आधीच ठरवा. बेसकोटलाही कार्बन कार्ट्रिजचा मास्क हवाच, शिवाय नायट्राइलचे हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे. थिनरची वाफ जड, जमिनीलगत साचते. जवळ गॅस गीझर, देवाचा दिवा, ठिणगी पाडणारं बटण काही नको. शेजाऱ्यांना गाड्या हलवायला आणि वाळत घातलेले कपडे काढायला आदल्या दिवशीच सांगा.

हातांचा क्रम कागदावर लिहून भिंतीला चिकटवा. बेसकोटचे दोन-तीन पातळ हात, प्रत्येक पट्टा आधीच्यावर निम्मा चढलेला, मधे रंग मॅट होईपर्यंत थांबायचं. शेवटी गन थोडी लांब धरून, हवा कमी करून एक उडता हात. ढगाळ डाग त्यानेच जातात. बेसकोटला पेपर लावायचा नाही. कचरा बसलाच आणि घासावं लागलं, तर वर पुन्हा रंगाचा हात द्यावाच लागतो. क्लिअर आणि हार्डनरचं प्रमाण डब्यावर दिलं असेल तेच, बऱ्याचदा दोनास एक, मापाच्या कपातच. दोन हात पुरतात. पहिला हलका, दुसरा भरलेला.

गन धुवायचं थिनर आधीच बादलीत काढून ठेवा. हार्डनर मिसळलेलं क्लिअर गनमध्ये सुकलं तर ती फेकावी लागते. मास्किंग टेप क्लिअर पूर्ण कडक होण्याआधी, मागच्या बाजूला दुमडत ओढायचा. पॉलिशला मात्र हात लावण्याआधी क्लिअरच्या डब्यावर दिलेला वेळ जाऊ द्या.