न्यू जर्सीत भाजीचा पहिला उन्हाळा: कम्युनिटी गार्डनचा प्लॉट कसा लावावा

कम्युनिटी गार्डनमधला, म्हणजे गावाच्या सामाईक बागेतला, आपल्या वाट्याचा प्लॉट हातात आला की एप्रिलमध्येच हात शिवशिवायला लागतात. चार दिवस ऊन पडतं, दुकानांबाहेर टोमॅटोची रोपं मांडलेली दिसतात आणि आत्ताच लावून टाकावं असं वाटतं. हा मोह आवरा. आपल्याला हव्या असलेल्या बहुतेक भाज्या, म्हणजे भेंडी, गवार, दुधी, कारलं, लाल माठ, मिरची, या गरम मातीच्या आहेत. जर्सीचे जुलै-ऑगस्ट महिने त्यांना छान मानवतात, कारण तेव्हा इथे हवा दमट असते, उकाडा असतो आणि मधूनच एखादी जोरदार सर येते. म्हणून माझा आग्रह असतो की आपल्या माणसाने पहिल्या वर्षी ब्रोकोली-लेट्यूसच्या मागे न लागता भेंडीपासून सुरुवात करावी. ती सोपी आहे, फक्त वेळेवर पेरली गेली पाहिजे.

प्लॉट मागताना

बहुतेक टाऊनशिपमध्ये, म्हणजे इथल्या गावपालिकांत, प्लॉटचे अर्ज हिवाळ्यातच सुटतात आणि अनेक ठिकाणी प्रतीक्षा यादी असते. म्हणून जानेवारीत चौकशी सुरू करा. प्लॉट निवडायची मुभा असेल तर तीन गोष्टी बघा. दिवसाला किमान सहा ते आठ तास ऊन लागतं का? पाण्याचा नळ किती लांब आहे? जवळ काळ्या अक्रोडाचं झाड आहे का? या झाडाच्या मुळांतून जो पदार्थ मातीत उतरतो त्याने टोमॅटो, वांगी आणि मिरची माना टाकतात. पाणी कमी पडलं असेल असं समजून माणूस पाणी ओतत राहतो, आणि झाड काही वाचत नाही.

नियमांचं पत्रक शांतपणे वाचा. रासायनिक फवारणी चालते का, मांडव किती उंच चालतो, सामाईक कामाचे तास किती द्यायचे, किती दिवस प्लॉट पडून राहिला तर काढून घेतात, हे सगळं त्यात असतं. वेल शेजाऱ्याच्या हद्दीत गेला की कुरबूर होते, आणि आपला दुधी हद्द ओलांडण्यात पटाईत असतो.

माती

रटगर्स विद्यापीठाची माती तपासणारी प्रयोगशाळा आहे. प्लॉटच्या पाच-सहा ठिकाणची सहा ते आठ इंच खोलीपर्यंतची माती घ्या, बादलीत एकत्र करा आणि त्यातला थोडा नमुना पाठवा. हे काम मार्चमध्ये उरकलं तर अहवाल हाताशी ठेवून तयारी करता येते. इथली माती बऱ्याचदा आम्ल असते. भाज्यांना पीएच साधारण ६.२ ते ६.८ लागतो, आणि त्यासाठी चुना किती घालायचा ते अहवालात लिहिलेलं असतं. अंदाजाने चुना घालू नका. जागा जुन्या शहरी वस्तीतली किंवा कारखान्याजवळची असेल तर शिशाची तपासणीही मागा.

मग कंपोस्ट. दहा बाय दहा फुटांच्या प्लॉटवर एक इंचाचा थर द्यायला साधारण आठ घनफूट कंपोस्ट लागतं. ते वरच्या सहा इंचांत मिसळा. माती ओली असताना मात्र खणू नका. मुठीत दाबलेला गोळा बोटाने टोचल्यावर फुटला पाहिजे. तो चिकटूनच राहिला तर अजून दोन दिवस थांबा.

आखणी

दहा बाय दहाच्या प्लॉटसाठी मला पटलेली आखणी अशी. ओळी पूर्व-पश्चिम घ्यायच्या. उत्तरेच्या कडेला मांडव, म्हणजे वेलांची सावली बाकीच्यांवर पडत नाही. त्यावर एक दुधी आणि दोन काकड्या. एकच दुधी, हे पुन्हा सांगते, कारण बी पेरताना कोणाचाच यावर विश्वास बसत नाही. त्याच्या पुढच्या ओळीत तीन टोमॅटो आणि दोन मिरच्या. मग दीड फुटाची वाट. त्यानंतर भेंडीची एक ओळ, झाडाझाडांत एक फूट अंतर ठेवून. आठ-दहा झाडं चार माणसांच्या घराला पुरतात. दक्षिणेच्या कडेला मेथी, कोथिंबीर आणि लाल माठाचे छोटे वाफे.

बियांबद्दल एक सूचना. भारतातून येताना बॅगेत बी आणू नका. पेरणीच्या बियाण्याला तिथल्या कृषी खात्याचं रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं, नाहीतर विमानतळावर ते काढून घेतात. आपल्या भाज्यांचं बी इथेही विकत मिळतं. मेथीदाणे आणि चवळी तर वाण्याच्या दुकानातली पेरली तरी उगवतात.

काय कधी पेरायचं

मेथी आणि कोथिंबीर थंडी सोसतात, त्यामुळे एप्रिलच्या मध्यापासून चालतील. मेथी रात्रभर भिजवून दाट पेरा, चार-पाच आठवड्यांत जुडी हातात येते. धणे हलके रगडून दोन फाकी करून पेरा. जूनच्या उकाड्यात कोथिंबीर फुलावर येते, तिच्याशी झगडू नका. ऑगस्टच्या अखेरीस पुन्हा पेरा, ती जास्त चांगली येते.

टोमॅटो-मिरचीची रोपं मदर्स डेनंतर लावायची असा इथल्या जुन्या बागकाम करणाऱ्यांचा ठोकताळा आहे, म्हणजे मेचा दुसरा रविवार. मध्य जर्सीत तोवर दहिवराचा, म्हणजे रोपं गोठवणाऱ्या फ्रॉस्टचा, धोका बहुतेक टळलेला असतो. तरी आदल्या आठवड्याचा हवामान अंदाज बघा, आणि रात्री ५० अंश फॅरनहाइटच्या खाली जात असतील तर अजून थांबा. टोमॅटोचं रोप लावताना खालची पानं खुडून खोड खोलवर पुरा. पुरलेल्या खोडालाही मुळं फुटतात. वाण कुठलं घ्यावं असा प्रश्न असेल तर ‘रटगर्स’ घ्या. या राज्याच्याच विद्यापीठाने ते १९३४ साली आणलं आणि अजून त्याची रोपं मिळतात. काठी किंवा पिंजरा रोप लावतानाच रोवा. नंतर रोवला तर मुळं तुटतात.

भेंडी, गवार आणि चवळीसाठी तारखेपेक्षा मातीचं तापमान बघा. मातीचा थर्मामीटर स्वस्तात मिळतो. सकाळी चार इंच खोल खुपसा. सलग काही दिवस ६५ ते ७० अंश दिसलं की पेरा. बहुधा मेचा शेवटचा आठवडा उजाडतो. थंड मातीत भेंडीचं बी कुजतं. जे वाचतं ते खुरटून बसतं, आणि जूनमध्ये पेरलेली भेंडी त्याच्या पुढे निघून जाते. बी रात्रभर भिजवा आणि इंचभर खोल टाका. लाल माठाचं बी बारीक असतं. ते कोरड्या वाळूत मिसळून भुरभुरवा, म्हणजे एका जागी गठ्ठा पडत नाही. रोपं चार बोटं झाली की विरळणी करा, आणि उपटलेली कोवळी रोपं त्याच संध्याकाळी लसूण घालून परता.

दुधीला मोठा हंगाम लागतो, म्हणून एप्रिलच्या शेवटी घरात खिडकीशी कुंडीत बी लावा आणि मेअखेर रोप हलवा. मुळांना धक्का लागू देऊ नका.

जून ते ऑगस्ट

पाणी आठवड्याला साधारण एक इंच. शंभर चौरस फुटांवर एक इंच म्हणजे जवळपास ६२ गॅलन, तेव्हा झारीने भागणार नाही. पाइप आहे का ते प्लॉट घेतानाच विचारा. रोज थोडं शिंपडण्यापेक्षा आठवड्यातून दोनदा मुळाशी भरपूर द्या, सकाळच्या वेळी. जूनच्या मध्यावर माती तापली की गवताच्या काडाचं तीन इंच आच्छादन घाला. त्याने ओल टिकते, तण कमी होतं, आणि पावसाच्या थेंबांबरोबर मातीतले रोग टोमॅटोच्या खालच्या पानांवर उडत नाहीत. टोमॅटोचं बूड काळं पडत असेल तर ते बहुतेक वेळा पाण्याच्या अनियमितपणामुळे असतं, औषध शोधू नका.

आता दुधी. नव्या माणसाची हमखास तक्रार असते की इवलेसे दुधी धरतात, पिवळे पडतात आणि गळून जातात. कारण परागीभवन होत नाही. दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं, आणि मधमाश्या तेव्हा घरी परतलेल्या असतात. म्हणून दिवस मावळताना स्वतः जा. लांब बारीक देठाचं फूल नर. ज्या फुलाच्या मागे बोटाच्या पेराएवढा लव असलेला दुधी दिसतो ते मादी. नर फूल तोडा, पाकळ्या मागे वळवा आणि मधला पिवळा भाग मादी फुलाच्या मध्यावर हलकेच फिरवा. जमलं असेल तर दोन-तीन दिवसांत देठ जाड होतो आणि दुधी खाली झुकतो. वेल मांडवाच्या वर पोचला की शेंडा खुडा. मादी फुलं बाजूच्या फांद्यांवर जास्त येतात. नख सहज रुततं तोवरच दुधी काढा.

भेंडीचा तोडा दिवसाआड. तीन-चार इंचांची काढायची. निबर झालेली एक भेंडी झाडावर राहिली तरी नवी फुलं मंदावतात. पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि हातमोजे घाला, नाहीतर लव लागून दिवसभर खाज सुटते.

जूनच्या अखेरीस हिरव्या-तांबूस चकाकत्या भुंगेऱ्यांची धाड येते, जपानी बीटल. अमेरिकेत हे पहिल्यांदा १९१६ साली सापडले ते याच राज्यात, रिव्हरटनजवळ. पहाटे ते सुस्त असतात, तेव्हा साबणाच्या पाण्याच्या डब्यात झटकून टाका. टोमॅटोवर बोटाएवढी हिरवी अळी दिसली तर वेचून काढा, पण तिच्या पाठीवर तांदळाच्या दाण्यांसारखे पांढरे कोश असतील तर तिला राहू द्या. ते एका परोपजीवी गांधीलमाशीचे कोश आहेत. ती अळी आता फारशी खात नाही, आणि त्यांतून निघणाऱ्या गांधीलमाश्या पुढच्या अळ्यांचा बंदोबस्त करतात. ग्राउंडहॉग, म्हणजे बीळ करून राहणारा आणि भाज्या फस्त करणारा प्राणी, त्याच्यासाठी मात्र कुंपणाची जाळी एक फूट जमिनीत पुरण्यावाचून इलाज नाही.

भारतात जायचं असेल तर

शाळा जूनमध्ये संपते आणि आपली तिकिटं नेमकी त्याच सुमाराला असतात. चार आठवडे कोणी फिरकलं नाही तर प्लॉटचं रान होतं आणि टाऊनशिपची नोटीस येते. तेव्हा जाण्याआधी शेजारच्या प्लॉटवाल्यांशी बोला: तुम्ही पाणी घाला, जे पिकेल ते तुमचं. जाड आच्छादन घाला आणि समितीला कळवून ठेवा. उलट ज्यांच्याकडे आई-बाबा सहा महिन्यांसाठी आलेले आहेत त्यांनी त्यांना प्लॉटवर जरूर न्यावं. गाडी चालवता येत नाही म्हणून घरात अडकून पडलेल्या माणसांना इथे रोजचं काम मिळतं, आणि बोलायला माणसं मिळतात. इंग्रजी फारसं न येणारी आजी शेजारच्या कोरियन बाईंना मिरचीला भर कशी द्यायची ते हातांनी समजावताना मी पाहिली आहे. पुढच्या आठवड्यात त्या बाईंनी तिला पेरिलाची (कोरियन स्वयंपाकातली एक सुवासिक पालेभाजी) रोपं आणून दिली.

गणपती आणि त्यानंतर

ऋषिपंचमी ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरात येते आणि तेव्हा प्लॉट ऐन भरात असतो. बैलाच्या श्रमाचं खायचं नाही म्हणून त्या दिवशी परसातल्या भाज्यांना मान, आणि तुमचा प्लॉट तर हाताने खणलेला. भाजीत लाल माठ, भेंडी, दोडका, अळू आणि लाल भोपळा घरचा हवा असेल तर मेअखेरच त्यांची सोय करायला हवी. दोडका मांडवावर एका काकडीच्या जागी लावता येतो. वाण्याकडच्या अरवीचे कोंब आलेले कंद ओलसर कोपऱ्यात लावले की पानं मिळतात. भोपळ्याचा वेल मात्र दहा बाय दहात मावत नाही, तो विकत आणा किंवा मोठ्या प्लॉटवाल्याला दुधी देऊन बदल्यात घ्या.

भेंडीच्या एका जोमदार झाडावर दोन-तीन शेंगा पूर्ण वाळू द्या, पुढच्या वर्षीचं बी होतं. मात्र ते झाड संकरित वाणाचं नसावं. ऑक्टोबरच्या मध्यानंतर दहिवर पडलं की भेंडी-दुधी एका रात्रीत काळे पडतात, म्हणून अंदाज आला की हिरवे टोमॅटो आणि मिरच्या काढून घ्या. रोगट टोमॅटोची झाडं कंपोस्टमध्ये टाकू नका. प्लॉट हिवाळ्यात ताब्यात ठेवता येत असेल तर ऑक्टोबरअखेर लसणाच्या पाकळ्या टोक वर करून दोन इंच खोल लावा आणि काडाने झाका. तो लसूण जुलैत निघतो. नूतनीकरणाचा अर्ज कधी निघतो तेही समितीकडून तेव्हाच विचारून घ्या, मुदत चुकली तर नाव पुन्हा यादीच्या शेवटी जातं.