जुन्या ब्रिटिश मोटारसायकलचे अस्सल विजेचे भाग कसे मिळवावेत

जुनी बीएसए, मॅचलेस किंवा नॉर्टन पुन्हा उभी करताना इंजिन आणि रंगकाम करून देणारे कारागीर आपल्याकडे अजून आहेत. अडतं ते विजेच्या सामानापाशी. पन्नास-साठ वर्षांत गाडी चार-पाच हातांतून फिरते, आणि प्रत्येक मालकानं चालू ठेवण्यासाठी हाताला लागेल ते बसवलेलं असतं. बुलेटचा हेडलॅम्प, स्कूटरचा हॉर्न, 12 व्होल्टचा कसलासा जुगाड. मूळ सामान बहुतेक वेळा भंगारात गेलेलं असतं.

माझं मत आधीच सांगतो. वस्तूचं बाहेरचं अंग जुनं आणि अस्सल हवं. आतलं जे झिजतं, जळतं किंवा सुकतं ते बिनधास्त नवं घाला. हे एकदा ठरवलं की काय शोधायचं आणि कशावर पैसे वाया घालवायचे नाहीत, हे आपोआप कळतं.

आधी गाडीचं वर्ष पक्कं करा

आरसी बुकातलं वर्ष हे अनेकदा भारतातल्या नोंदणीचं असतं, त्यावर विसंबू नका. इंजिन आणि फ्रेमवरचे नंबर कागदावर उतरवून घ्या. उदाहरणार्थ बीएसए बी-31 मध्ये इंजिन नंबरच्या सुरुवातीची अक्षरं (एक्सबी, वायबी, झेडबी) काळ सांगतात. ब्रिटनमधला 1946 साली स्थापन झालेला व्हिंटेज मोटरसायकल क्लब अशा नंबरांवरून तारीख काढून देतो. त्यांच्याकडे त्या काळच्या पार्ट-लिस्टही आहेत.

वर्ष का महत्त्वाचं? याच बी-31 ला सुरुवातीपासून विजेचं सामान बनवणाऱ्या लुकास कंपनीचा मॅग्डायनो होता, म्हणजे खाली ठिणगी देणारा मॅग्नेटो आणि त्याच्या पाठीवर पट्ट्यानं आवळलेला, बॅटरी चार्ज करणारा डायनॅमो. 1958 च्या मॉडेलला त्याच्या जागी अल्टरनेटर आणि कॉइल आली. टेललॅम्पचंही तसंच: छोटा गोल एमटी-110 युद्धाच्या आसपासचा, 564 हा पन्नासच्या दशकाच्या मध्यापासूनचा, 679 साठच्या दशकातला. 1948 च्या गाडीवर 679 लावला तर जाणकाराला दहा फुटांवरून दिसतं. शिवाय सगळंच लुकासचं असेल असं धरून चालू नका. विन्सेंट आणि व्हेलोसेटवर मिलरचं सामान असायचं, बीएसए बँटमवर बहुतेक विपॅकचं.

मग ठोकलेले आकडे वाचायला शिका

लुकासच्या बहुतेक वस्तूंवर तीन गोष्टी सापडतात: मॉडेलचं नाव (एमओ-1, के-2-एफ, ई-3-एल), भागाचा नंबर आणि तारीख. त्या काळी नंबर साधारण पाच आकडी असायचा, पुढे आठ आकडी झाला. तारीख महिना आणि वर्ष अशी: 4 52 म्हणजे एप्रिल 1952. सामान आधी बर्मिंगहॅममध्ये बनायचं आणि मग गाडीच्या कारखान्यात जायचं, त्यामुळे भागावरची तारीख गाडीच्या तारखेच्या थोडी आधीची असणं योग्य. नंतरची असेल तर तो भाग पुढे कधीतरी बदललेला आहे.

बाजारात जाताना तुमच्या गाडीचं मॉडेल, नंबर आणि चालणाऱ्या तारखा एका चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवा. घासणीचा ब्रश आणि थोडं रॉकेलही न्या. आकडे नेहमी ग्रीसच्या थराखाली असतात.

कुठे शोधायचं

पुण्यात जुना बाजार आणि नाना पेठेतली स्पेअरची दुकानं, मुंबईत चोर बाजार. बाहेर कोलकात्याचा मलिक बाझार आणि चेन्नईचं पुदुपेट. पण खरा माल दुकानाच्या फळीवर क्वचितच असतो. तो जुन्या ऑटो-इलेक्ट्रिशियनच्या माळ्यावर असतो. कोल्हापूर, सांगली, मिरज, नाशिक अशा गावांत मॅग्नेटो बांधणारे म्हातारे कारागीर शोधा, वस्तूचा फोटो दाखवा, चहा घ्या, पुन्हा जा. घाई दाखवली की भाव चढतो.

परदेशातून घ्यायचं असेल तर इंग्लंडमध्ये ब्यूली इथे 1967 पासून दर वर्षी मोठा ऑटोजंबल (जुन्या स्पेअरचा बाजार) भरतो, स्टॅफर्डलाही असे मेळे होतात. तिकडे कुणी नातेवाईक असेल तर त्याला तुमची चिठ्ठी पाठवा. वापरलेले भाग मागवण्याआधी कस्टमचे नियम एजंटला विचारून घ्या.

विकत घेण्याआधीची तपासणी

मॅग्नेटो हातात घेऊन शाफ्ट बोटांनी सावकाश फिरवा. ठरावीक जागी तो चुंबकानं अडकला पाहिजे आणि पुढे झटक्यानं सुटला पाहिजे. सहज गरगर फिरत असेल तर चुंबक उतरलंय, ते पुन्हा भारून मिळतं. चिकट, गुळासारखा जड फिरत असेल तर आर्मेचरवरचं (आत फिरणाऱ्या गुंडाळीवरचं) जुनं शेलॅक, म्हणजे लाखेचं रोगण, वितळून बाहेर आलंय, म्हणजे रिवाइंडिंगचा खर्च धरा. पिक-अप (ठिणगीची वायर जिथे लागते तो भाग) काढून आतल्या स्लिप रिंगवर टॉर्चचा उजेड टाका. बारीक तडा असेल तर ठिणगी तिथूनच पळते. कंडेन्सरची तपासणी करत बसू नका, तो मेलेलाच आहे असं समजा. गाडी थंड असताना सुरू होते आणि गरम झाल्यावर ठिणगी येईनाशी होते, त्यामागे बहुधा हाच मूळ कागदी कंडेन्सर असतो.

डायनॅमोची परीक्षा आणखी सोपी. डी (वीज बाहेर देणारं) आणि एफ (फील्ड कॉइलचं) ही दोन्ही टर्मिनल तारेनं जोडा, त्यांना 6 व्होल्ट बॅटरीचं एक टोक द्या आणि दुसरं बॉडीला. चांगला डायनॅमो मोटरसारखा संथ, एका लयीत फिरतो. तो अंगावरच्या बाणाच्या दिशेनंच फिरतोय ना, हेही बघा, कारण उजवे-डावे दोन्ही प्रकार असतात आणि बाहेरून सारखेच दिसतात.

नकली ओळखायला स्क्रू तपासा. लुकास बीए या जुन्या ब्रिटिश मापाच्या आट्यांचे स्क्रू वापरायचा. मेट्रिक स्क्रू सरळ बसला तर वस्तू बहुतेक नवी आहे किंवा कुणीतरी तिचे आटे बदललेत. फक्त नावाच्या पितळी पट्टीवर भुलू नका, तशा पट्ट्या सुट्या विकत मिळतात. बेकलाइटचा भाग अंगठ्यानं जोरात घासा. अस्सल असेल तर कार्बोलिकसारखा उग्र वास येतो, प्लॅस्टिकला येत नाही. लुकासचा अल्टेट हॉर्न आणि हेडलॅम्पच्या नकला तर आपल्याच देशात भरपूर बनतात. नकल म्हणून स्वस्तात घेतली तर हरकत नाही, अस्सलच्या भावात नको.

नवं काय घ्यावं

वायरिंग नवीनच घ्या, कापडी विणीचं. जुन्या रबरी वायरीचं कवच हात लावताच गळतं आणि आगीला कारण होतं. कार्बन ब्रश, बेअरिंग, कंडेन्सर नवे. कटआउटची (डायनॅमो आणि बॅटरीमधल्या चार्जिंगच्या स्विचची) पेटी जुनी ठेवून आत इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर बसवता येतो, बाहेरून काही कळत नाही. लुकासच्या काळ्या बॅटरीची रिकामी पेटी मिळाली तर तिच्यात आजची सीलबंद 6 व्होल्ट बॅटरी बसते.

काढलेला प्रत्येक भाग, अगदी निकामी असला तरी, चिठ्ठी लावून जपून ठेवा आणि फोटो काढा. 2021 च्या नियमांनुसार 50 वर्षांहून जुन्या गाडीची 'व्हीए' मालिकेत विंटेज नोंदणी होते. त्यात भर चासी, बॉडी आणि इंजिन मूळ असण्यावर आहे, पण गाडीचा इतिहास दाखवायला हे फोटो उपयोगी पडतात.

सगळं बसवल्यावर बॅटरी जोडण्याआधी एक गोष्ट तपासा. पन्नासच्या दशकातल्या बहुतेक ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचं धन टोक बॉडीला जातं, आपल्या सवयीच्या उलट. तसं असेल तर डायनॅमोचे धन-ऋण ध्रुवही तसेच करून घ्यावे लागतात: एफची वायर काढा, धन टोक बॉडीला ठेवून ऋण टोकाची तार एफला क्षणभर दोन-तीनदा टेकवा आणि वायर परत लावा. मग इंजिन सुरू करून हेडलाइट लावा. रेस वाढवल्यावर 8-0-8 च्या (दोन्ही बाजूंना 8 अँपिअरपर्यंत दाखवणाऱ्या) अँमीटरचा काटा शून्यावर किंवा किंचित चार्जच्या बाजूला आला, तर जोडणी बरोबर आहे.