'जर-तर'च्या इंग्रजीत मार्क जातात ते इथं : या चुका टाळा

"पाऊस पडला तर सोयाबीन पेरू." मृगाच्या तोंडावर मराठवाड्यात हे वाक्य घरोघर. पाऊस पडायचाय अजून, तरी आपण 'पडला' म्हणतो, आणि मराठीत ते बरोबरच. पोरं मात्र हा 'पडला' तसाच इंग्रजीत नेतात : 'इफ इट रेन्ड, वी विल प्लांट सोयाबीन.' चूक. होण्यासारख्या गोष्टीला 'इफ'च्या भागात साधा वर्तमानकाळ, 'विल' फक्त दुसऱ्या भागात : 'इफ इट रेन्स, वी विल प्लांट सोयाबीन.' काही हुशार मंडळी भविष्यकाळ म्हणून 'इफ इट विल रेन' करतात. तेही नको.

आत्ता खरं नसलेलं, नुसतं मनातलं बोलायचं असेल तेव्हा भूतकाळ : 'इफ आय वेअर द कलेक्टर, आय वुड सेंड मोअर टँकर्स.' बोलताना 'आय वॉज' खपून जातं, पण पेपरात 'वेअर'च लिहा.

खरा घोळ होतो तो घडून गेलेल्या गोष्टींत. '2015 ला पाऊस चांगला झाला असता, तर 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं नसतं.' मराठीत इकडं 'असता', तिकडं 'नसतं'; दोन्ही बाजू सारख्या. म्हणून इंग्रजीतही दोन्हीकडे 'वुड हॅव' ठोकलं जातं. इंग्रजीत बाजू वेगळ्या आहेत, अटीकडं 'हॅड', परिणामाकडं 'वुड हॅव' : 'इफ इट हॅड रेन्ड वेल इन 2015, लातूर वुड नॉट हॅव नीडेड द वॉटर ट्रेन.' आणि चूक जुनी पण परिणाम आजचा असेल तर? मग 'वुड' एवढंच : 'इफ वी हॅड डग द बोअर डीपर, वी वुड हॅव वॉटर नाऊ.' यातलं 'हॅव' म्हणजे 'आपल्याकडं असणं', त्याला मागच्या वाक्यातलं 'हॅव' समजू नका. इथं भलेभले फसतात.

'तर'साठी प्रत्येक वेळी 'देन' घालायची गरज नाही. 'इफ'चा भाग आधी आला की स्वल्पविराम पुरतो. तो भाग मागं गेला तर स्वल्पविरामही लागत नाही.

राहिलं 'अनलेस'. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, हा कृषी विभागाचा नेहमीचा सल्ला. त्यातलं 'झाल्याशिवाय' म्हणजे 'अनलेस'. नकार त्याच्या पोटातच आहे, म्हणून 'अनलेस इट डझन्ट रेन' लिहिलंत तर सल्ला उलटा होतो : पाऊस पडला तर पेरू नका!