कोशेर सूचना आली? आधी पाकीट उलटं करून बघा

व्हॉट्सॅपवर बिस्किटाच्या पुड्याचा फोटो फिरतो, खाली ओळ असते, ‘हे आता कोशेर नाही, टाकून द्या.’ कोशेर म्हणजे ज्यू धर्माच्या अन्ननियमांत बसणारं. चार ग्रुप फिरून येईपर्यंत त्याचं ‘कंपनीने माल परत मागवला’ झालेलं असतं. या दोन्ही गोष्टी वेगळ्या आणि त्यांवर करायचं तेही वेगळं. कोशेर सूचना प्रमाणपत्र देणारी संस्था काढते: चिन्ह चुकून छापलं गेलं, परवानगीशिवाय वापरलं, किंवा प्रमाणपत्र संपलं. असा पदार्थ खाऊन कुणी आजारी पडेल असं नाही. रिकॉल म्हणजे सुरक्षिततेच्या किंवा लेबलच्या दोषामुळे बाजारातून माल परत घेणं. तो माल चोख कोशेर असेल, तरी खायचा नाही.

दोन्ही एकत्र येतात ते बहुतेक दुधापाशी. पारेव्ह, म्हणजे ना दुधाचा ना मांसाचा, असं चिन्ह असलेल्या पदार्थात न छापलेलं दूध निघालं की कोशेर सूचना निघते. आणि दूध हा लेबलवर जाहीर करावाच लागणारा ॲलर्जीचा घटक असल्याने रिकॉलही होऊ शकतो.

चिन्ह नीट वाचणं

गोलात ‘यू’ म्हणजे ऑर्थोडॉक्स युनियन. ताऱ्यात ‘के’ म्हणजे स्टार-के, गोलात ‘के’ म्हणजे ओके. लंडन बेथ दिन या ज्यू धर्मन्यायालयाचं चिन्ह केएलबीडी. चिन्हाशेजारी ‘डी’ असेल तर पदार्थ दुधाचा. ‘डीई’ असेल तर घटकांत दूध नाही, पण यंत्र दुधाच्या मालालाही वापरलेलं आहे. हा फरक सगळ्या संस्था दाखवत नाहीत. काही जण दोन्हींना सरसकट ‘डी’ लावतात, त्यामुळे घटकांची यादी वाचावीच लागते. ‘पी’ पाहून पारेव्ह समजणं ही नेहमीची गफलत. ‘पी’ पेसाख या ज्यू सणाचा आहे. पारेव्ह मालावर पुष्कळदा नुसतं चिन्ह असतं, पुढे अक्षर नसतं.

चौकटीशिवाय छापलेल्या नुसत्या ‘के’ अक्षरावर विसंबू नका. एकट्या अक्षराची ट्रेडमार्क म्हणून नोंदणी होत नाही, म्हणून ते कुणीही छापू शकतं. त्यामागे एखादे रब्बी (ज्यू धर्मगुरू) असतीलही, पण कोण ते कंपनीला विचारल्याशिवाय कळत नाही.

आपल्याकडचा हिरवा ठिपका कोशेरच्या जागी धरता येत नाही. त्या ठिपक्याखाली दूध चालतं, यंत्राचा विचार नसतो, चीज आणि द्राक्षाचे नियमही नसतात. हार्ड चीज सूक्ष्मजीवांपासूनच्या रेनेटने (दूध गोठवणाऱ्या विकराने) बनवलेलं असलं तरी ते बनताना देखरेख लागते. उलट बाजूने, दुधाची ॲलर्जी असलेल्यांनी पारेव्ह चिन्हावर विसंबून राहू नये. ते धर्मनियमाचं चिन्ह आहे. त्यात दुधाचा अंशही नाही याची हमी ते देत नाही.

सूचना खरी का, आणि ती तुमच्याच पाकिटाची का

फॉरवर्ड आलेला फोटो हा पुरावा नाही. चिन्ह ज्या संस्थेचं, तिच्याच संकेतस्थळावर सूचनांचं पान उघडा. ऑर्थोडॉक्स युनियनचं ओयूकोशर डॉट ऑर्ग, स्टार-केचं स्टार-के डॉट ऑर्ग. दोन्हीकडे उत्पादन शोधता येतं आणि ईमेलने प्रश्नही विचारता येतो. ईमेलला पाकिटाच्या चारही बाजूंचे फोटो जोडा. समोरच्या बाजूच्या एका फोटोवर कुणी उत्तर देऊ शकत नाही.

मग मजकुरातले नेमके शब्द पाहा. ‘परवानगीशिवाय चिन्ह’ असेल तर त्या मालावर देखरेखच नव्हती. घटक निर्दोष दिसले तरी तो बाजूला ठेवा. ‘आता प्रमाणित नाही’ असं असेल तर तारीख महत्त्वाची. प्रमाणपत्र चालू असताना बनलेला माल सहसा चालतो, आणि जुना माल कुठपर्यंत धरायचा हे सूचनेतच दिलेलं असतं. ‘पारेव्हचं डेअरी झालं’ असेल तर पदार्थ कोशेरच राहतो, फक्त मांसाच्या जेवणाबरोबर जात नाही. यातला एकही माल डोळे झाकून फेकायचा नाही. चौथा प्रकार, ‘चिन्ह छापायचं राहिलं, माल प्रमाणित आहे’, हा तर दिलासाच. पण तोही फक्त सांगितलेल्या बॅचपुरता.

प्रमाणपत्र ब्रँडला मिळत नाही. ते ठरावीक कारखान्यात बनणाऱ्या ठरावीक उत्पादनाला मिळतं. म्हणून एकाच ब्रँडचं एका चवीचं बिस्किट कोशेर आणि दुसऱ्या चवीचं नाही, किंवा परदेशातल्या कारखान्याचं कोशेर आणि भारतातल्या कारखान्याचं नाही, असं होतं. बहिणीने अमेरिकेहून आणलेल्या चॉकलेटवर चिन्ह होतं म्हणून नाशिकमध्ये कॉलेज रोडच्या सुपरमार्केटमधलं तेच चॉकलेट चालेल, हे गणित चुकतं.

सुकवलेला कांदा, मसाले, इसबगोल असा आपल्याकडचा माल निर्यातीसाठी प्रमाणित होतो, पण देशात विकायच्या पाकिटावर चिन्ह असेलच असं नाही. अशा वेळी विक्रेत्याकडे चालू प्रमाणपत्र मागा. त्यावर कारखान्याचं नाव-पत्ता, उत्पादनाचं नेमकं नाव, मुदतीची तारीख आणि चिन्ह आवश्यक आहे की नाही, एवढं वाचा. ‘चिन्ह आवश्यक’ असं लिहिलेलं असेल तर बिनचिन्हाच्या पाकिटाला ते प्रमाणपत्र लागू होत नाही. मोठ्या गोणीतल्या मालाचं प्रमाणपत्र इथल्या रविवार कारंजावर सुट्या विकल्या जाणाऱ्या मालाला लावणंही तसंच फसवं. गोणी फुटली की साखळी तुटली.

डब्यात ओतण्याआधी

घरी हमखास अडतं ते बॅच नंबरापाशी. आपण पाकीट फोडतो, डबा भरतो, पाकीट कचऱ्यात. चार दिवसांनी रिकॉल आला की हातात नुसता डबा. यावर उपाय साधा: पाकिटाची बॅच नंबर, उत्पादनाची तारीख, परवाना क्रमांक आणि चिन्ह असलेली पट्टी कापून डब्याच्या झाकणात चिकटवा. जुना उरलेला माल नव्यात मिसळू नका. आयात मालावर आयातदाराचा स्टिकर मूळ छपाईवर चिकटवलेला असतो; तो चिन्हावर किंवा बॅचवर आला असेल तर दुकानातच दुसरं पाकीट निवडा.

अन्न परवाना क्रमांक 14 अंकी असतो. सुरुवात 100 ने असेल तर केंद्रीय परवाना, 115 ने असेल तर महाराष्ट्राचा, 215 ने असेल तर महाराष्ट्रातल्या छोट्या व्यावसायिकाची नोंदणी. फॉसकॉस या सरकारी अन्न परवाना पोर्टलवर हा क्रमांक टाकून नाव आणि परवाना चालू आहे का हे बघता येतं. बारकोडचे 890 हे पहिले तीन अंक माल भारतात बनल्याचा पुरावा नाहीत. बारकोड भारतात नोंदवला, एवढंच ते सांगतात.

2024 च्या एप्रिलमध्ये हाँगकाँग आणि सिंगापूरने काही भारतीय मसाल्यांत इथिलीन ऑक्साइड सापडल्याचं जाहीर केलं, तेव्हा इथे त्या ब्रँडचा प्रत्येक पुडा संशयित ठरला. परदेशातला रिकॉल त्या देशात गेलेल्या मालापुरता असतो. उत्पादनाचं नाव, वजन, बॅच आणि तारीख या चारही गोष्टी जुळल्या तरच ते आपलं पाकीट. एक जरी जुळत नसेल तर घाबरून फेकू नका, आणि चारही जुळत असतील तर ‘चव तर बरी आहे’ म्हणून संपवूही नका.

बेदाणे आणि वाइन

द्राक्षं इथलीच, म्हणून नाशिककरांना हे जास्त लागू. वाइन, द्राक्षरस आणि वाइनपासूनचं व्हिनेगर चिन्हाशिवाय चालत नाही. दोष द्राक्षाचा नसतो; रस निघाल्यापासून तो कुणी हाताळला यावर सगळं ठरतं. नुसती ताजी द्राक्षं खायला काही अडचण नाही.

बेदाण्याचं थोडं वेगळं. सुकवण्याआधी घड डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडवतात. साधारणपणे लिटरमागे 15 मिली आणि 25 ग्रॅम. डिपिंग ऑइल म्हणजे इथाइल ओलिएट. त्यातलं ओलिक आम्ल वनस्पतीचं असू शकतं, तसं जनावराच्या चरबीचंही. प्रश्न विचारायचा तो याचाच. हिरवट-पिवळे बेदाणे गंधकाची धुरी दिलेले असतात. या धुरीतून उरणारं सल्फाइट 10 मिलीग्रॅम प्रतिकिलो किंवा जास्त असेल तर पाकिटावर जाहीर करावं लागतं. सुट्या मालावर ते वाचायला मिळत नाही. दमेकऱ्यांच्या घरी पॅकबंद आणि लेबलवाला बेदाणाच घ्यावा.

सूचना खरी निघाली तर

कोशेर सूचना असेल आणि पदार्थ आधीच शिजला असेल, तर रब्बींना फोन करण्याआधी चार उत्तरं तयार ठेवा: भांडं स्टीलचं की मातीचं, पदार्थ गरम होता की थंड, त्या भांड्यात मागच्या 24 तासांत काय शिजलं, आणि वादग्रस्त घटक एकूण पदार्थाच्या किती पट कमी होता. साठपटीचा हिशेब, म्हणजे बाकीचा पदार्थ त्या घटकाच्या साठपट आहे का हे पाहणं, यावरच होतो. निकाल स्वतः लावू नका, आणि भांडीही घाईने मोडीत काढू नका.

रिकॉल असेल तर पाकीट पिशवीत बंद करून वेगळं ठेवा. गाईला घालू नका, कामवाल्या मावशींना देऊ नका. बिल आणि पाकीट घेऊन दुकानात जा. दुकानदार टाळाटाळ करू लागला तर ग्राहक हेल्पलाइन 1915. मालातच दोष दिसत असेल तर अन्न व औषध प्रशासनाच्या नाशिक कार्यालयात सहायक आयुक्त (अन्न) यांच्या नावे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. टोल-फ्री क्रमांक 1800-222-365. तक्रारीत बॅच आणि परवाना क्रमांक नसेल तर अन्न सुरक्षा अधिकाऱ्याला पुढे जाता येत नाही. त्याच बॅचचं न फोडलेलं पाकीट घरात असेल तर ते तसंच जपून ठेवा. फोडलेल्या पाकिटातल्या बिघाडाचं खापर तुमच्या फडताळावर फोडणं सोपं असतं.

स्वतः तपासून घ्यायचं असेल तर अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम 40 खाली ग्राहकालाही फी भरून अन्न विश्लेषकाकडून नमुना तपासून घेता येतो. अट एवढीच की खरेदी करतानाच विक्रेत्याला तसं सांगावं लागतं. नमुना नापास झाला तर फी परत मिळते.